एक मणी कमी

१

गुरुवारी सकाळी दहाला ओदाशिमा कानरोकु गुरुजींच्या घरी बायकांचा वर्ग भरायचा. सात जणी. नवरे कामाला आणि पोरं शाळेत धाडून हात पुसत पुसत यायच्या, चटईवर ओळीने बसायच्या आणि आपापली सोरोबान समोरच्या बैठ्या मेजावर ठेवायच्या. मण्यांच्या त्या लाकडी चौकटीवर कामिनोसे गावातल्या निम्म्या लोकांची बोटं गुरुजींनीच घडवली होती. तसं ते स्वतःच येताजाता सांगायचे.

"विनंती अशी," गुरुजी म्हणायचे. आकडे वाचायला सुरुवात याच शब्दांनी करायची, ही जुनी रीत. मग एका दमात आकडे. सात चौकटी पत्र्यावर गारा पडाव्यात तशा वाजू लागायच्या. शेवटी "इतकंच" म्हटलं की सगळे हात एकदम मांडीवर. एकीने उत्तर सांगायचं आणि ते बरोबर असलं तर गुरुजींनी म्हणायचं, "गोमेइसान." म्हणजे हिशेब स्वच्छ, निर्मळ.

"गुरुजी, जरा दमानं," दूधवाल्या माबुचीसान त्या दिवशी म्हणाल्या. "एवढी घाई तर माझी गायसुद्धा करत नाही."

"गाईला उत्तर सांगायचं नसतं, माबुचीसान."

"तिचं बरं आहे की मग!"

बायका खिदळल्या. गुरुजींनी पुढचं गणित वाचलं. वीस आकडे. "इतकंच." सात हात मांडीवर गेले आणि खोली शांत झाली.

आणि मग एक मणी वाजला. टक्.

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. कुणाचाच हात मेजावर नव्हता. माबुचीसाननी उत्तर सांगितलं, ते बरोबर होतं, पण गुरुजी "गोमेइसान" म्हणायचेच विसरले. लाकूड आहे, थंडी पडली की आवाज करणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढच्या गणितालाही तेच. सगळे हात थांबल्यावर, एका श्वासाइतक्या उशिराने, त्यांच्या मेजापलीकडून टक्. तिथे कुणी बसत नसे.

२

त्या जागेवर वीस वर्षांपूर्वी ओनोदेरा इसो बसायची.

ती तेव्हा तिशीतली, गुरुजींच्या वर्गात दुसरी शिक्षिका. बोलायला कमी आणि बोटांनी तेज. त्या मुलखात गणित सोडवलं की ते लाकडी पाटीवर लिहून देवाला वाहायची चाल आहे; देवळाच्या ओसरीत अशा पाट्या दीड-दोनशे वर्षं टांगलेल्या आहेत. कानरोकुंच्या मनात आलं की आपणही एक पाटी वाहावी, आणि ती अशी की पुन्हा कुणी वाहणार नाही. त्यांनी एक संख्या निवडली. लाख कोटीला अकरा कमी. लिहिली तर ओळीने दहा नऊ, मग आठ, मग नऊ. ही मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः याखेरीज हिला कुणी भागू शकत नाही, हे नुसत्या मण्यांवर सिद्ध करायचं.

त्यासाठी दहा लाखांच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. अठ्ठ्याहत्तर हजार चारशे अठ्ठ्याण्णव भागाकार. कुठे एकदा जरी बाकी शून्य आली तरी सगळं मुसळ केरात.

दोघांनी चार वर्षं ते केलं. भागाकार करताना चौकटीवर लावलेली संख्या मोडत जाते, म्हणून ती दर वेळी नव्याने लावावी लागते. त्यावर त्यांनी युक्ती काढली होती. दोन चौकटी ठेवायच्या. एकाने भागायचं, दुसऱ्याने तोवर रिकाम्या चौकटीवर संख्या लावून ती पुढे सरकवायची आणि बाकी कागदावर उतरवायची. सकाळी कानरोकु भागत आणि इसो मणी लावी. दुपारी इसो भागे आणि कानरोकु मणी लावत. समोर आलेल्या चौकटीकडे दोघंही कधी निरखून पाहत नसत. समोरच्याने लावली म्हणजे लावली. हजारो वेळा एकच संख्या लावलेल्या माणसाची चूक होईल, हे दोघांच्या मनातही येत नसे.

शेवटचा भाजक एका दुपारी आला, इसोच्या वाट्याला. बाकी दोनशे अठ्ठ्याहत्तर. संपलं. शेवटचा भागाकार ज्याचा, त्याचं नाव पाटीवर आधी, असं देवळाच्या पुजाऱ्यांनी सांगितलं. गावातले लोक तर आधीच "इसोची संख्या" म्हणू लागले होते. संख्या निवडली कुणी, वर्ग कुणाचा, चटई कुणाची? कानरोकुंना अन्न गोड लागेना.

पाटी वाहण्याआधी देवळात सगळ्या गावासमोर एक भागाकार करून दाखवायचा होता. चिठ्ठी निघाली इसोच्या दुपारच्या कागदांतली: तीन लाख तेहतीस हजार सहाशे सदुसष्ट. कागदावर बाकी होती नऊशे एकोणनव्वद. कानरोकुंनी नेहमीप्रमाणे मणी लावले आणि चौकट इसोपुढे सरकवली. शेवटच्या दांडीवर नऊसाठी पाचही मणी आडपट्टीला भिडवावे लागतात. त्यांनी एक खालीच ठेवला.

इसोने पाहिलं नाही. का पाहील? तिची बोटं फिरली आणि ती म्हणाली, "नऊशे अठ्ठ्याऐंशी."

पुजाऱ्यांनी कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. एका मण्याचा फरक, पण फरक तो फरक. इसोने चौकटीकडे, मग कानरोकुंकडे पाहिलं. "कानरोकुसान, मणी तुम्ही लावलेत ना?"

"मी लावले. नेहमीसारखेच. चूक भागणाऱ्याची आहे."

तिचे सगळे कागद रद्द ठरले. तिच्याकडे मग कुणी मुलंही धाडेना. ती रेशमाच्या गिरणीत गेली, उकळत्या पाण्यातले कोष उलगडायला, आणि दुसऱ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेली. तिचे कागद आपण नव्याने करतो आहोत असं कानरोकुंनी दोन वर्षं गावाला सांगितलं. प्रत्यक्षात खोलीचं दार लावून ते नुसते उतरवून काढत होते. मग पाटी लागली. नाव एकच.

मुद्दाम केलं, असं गुरुजी मनातल्या मनातही कधी म्हणाले नव्हते. बोट घसरलं असेल, एवढंच ते स्वतःला सांगत आले.

३

दुपारी नगर कचेरीतले निइनुमासान आले. गोल चेहऱ्याचा, सतत रुमालाने मान पुसणारा माणूस.

"गुरुजी, आनंदाची बातमी! विद्यापीठाच्या नव्या गणकयंत्राने तुमची संख्या तपासली. मूळ आहे, शंभर टक्के. यंत्राला म्हणे चहा थंड व्हायच्या आत उत्तर आलं. आणि तुम्ही मण्यांवर केलंत!"

"यंत्राला बोटं नसतात," गुरुजी म्हणाले. पण त्यांना आतून उकळ्या फुटत होत्या.

"पाटीची गावाचा ठेवा म्हणून नोंद होणार. उत्सवाच्या दिवशी भरदुपारी समारंभ, वर्तमानपत्राचा फोटोवाला येईल. तुम्ही फक्त एक भागाकार करून दाखवायचा. बस्स."

निइनुमासान गेल्यावर गुरुजी हात बसवायला म्हणून मेजाशी आले. बारा दांड्यांवर संख्या लावली, डोळ्यांनी तपासली, बोटानेही तपासली. कोणता भाजक घ्यावा? हात आपणहून तिकडेच गेला. तीन लाख तेहतीस हजार सहाशे सदुसष्ट. सोपा भागाकार, मिनिटाचं काम.

बोटं थांबली. पलीकडून टक्.

चौकटीवर बाकी होती नऊशे अठ्ठ्याऐंशी.

खोलीत कसलातरी वास येत होता, ओलसर, उकळलेला, गोडूस. हात थरथरला असेल. एकोणसत्तराव्या वर्षी थरथरायचाच. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा भागलं. आठशे नाही, हजार नाही, पुन्हा नऊशे अठ्ठ्याऐंशीच. मग आपल्या स्वतःच्या सकाळच्या कागदांतले भाजक घेतले. नऊ हजार नऊशे एकला नऊ हजार आठशे एक्याण्णव उरायला हवेत, उरले नऊ हजार आठशे नव्वद. सदतीसला सत्तावीस हवेत, सव्वीस. दर वेळी एक कमी. म्हातारपणाची चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. सारखी एकाच जागी, एकाच मापाने होत नाही. हे त्यांना कळत होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

"दादा, कोष उकळतंय का कुणी?" स्वयंपाकघरातून त्यांची बहीण तोमे ओरडली. "काय घाण वास सुटलाय!"

४

तोमे विधवा होऊन भावाकडे राहायला आली त्याला पंधरा वर्षं झाली होती. तिचं तोंड फटकळ आणि हात कामाला वाघ. लहानपणी दोघं बापाकडे एकाच चौकटीवर शिकली होती.

गुरुजींनी तिला बसवलं. "तू लाव आणि तूच भाग."

"मला मुळे वाळत घालायचेत."

"तोमे!"

तिने कुरकुरत मणी लावले, भागलं. "नऊशे एकोणनव्वद. झालं समाधान?"

"आता तू लाव. मी भागतो."

तिने लावले, त्यांनी भागलं. नऊशे एकोणनव्वद. पलीकडे काही वाजलं नाही. म्हणजे भागण्यात दोष नाही, त्यांच्या हाताने लागलेल्या मण्यांतच काही बिनसतंय. तर मग त्या दिवशी तोमे मणी लावेल. सोपं आहे.

पण घरात सोपं राहिलं नव्हतं. ओसरीखाली तोमेने चाळीस मुळे टांगले. गुरुजींनी मोजले तर एकोणचाळीस. "चाळीस आहेत, दादा. हे बघ." ती बोट लावून मोजायची तेव्हा चाळीस भरायचे. देवळाच्या पायऱ्या सदुसष्ट, आयुष्यभर पाठ. आता वर पोचेपर्यंत सहासष्टच होत आणि शेवटच्या पायरीशी पाय हवेत पडे. गुरुवारी वर्गात सात जणी बसलेल्या दिसत आणि मोजल्या की सहा. नेमकी कोण राहिली ते त्यांना सांगता येत नसे. त्यांनी डॉक्टरांना डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम.

एकदा दुपारी, चहा पिताना, तोमेने सरळ विचारलं. "दादा, इसोची आठवण येते का रे तुला?"

"आत्ता तिचं काय?"

"काही नाही. तो वास तिच्या अंगाला यायचा, शेवटी शेवटी. मी भेटायला गेले होते. हात असे झाले होते तिचे, फुगून पांढरे, नखं मऊ पडलेली. तशा बोटांनीही ती पांघरुणावर मणी सारत होती. मला म्हणाली, एक कुठे गेला ते सापडत नाही."

गुरुजींनी चहा खाली ठेवला. कप बशीवर नीट बसला तरी वाजला.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," तोमे म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली.

५

उत्सवाच्या दिवशी ऊन लख्ख होतं. देवळात ढोल वाजत होते, अंगणात भाजलेल्या तांदळाच्या गोळ्यांचा खमंग वास होता, आणि सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी मंडळी पुढे बसली होती. त्यांतली कितीतरी वीस वर्षांपूर्वीही अशीच पुढे बसलेली. वर पाटी. सोनेरी अक्षरांत दहा नऊ, एक आठ, एक नऊ, आणि खाली एकच नाव.

पडद्यामागे तोमेने मणी लावले. गुरुजींनी प्रत्येक दांडी डोळ्यांनी पाहिली. बारा. पूर्ण. तिने चौकट अलगद आणून मंचावरच्या मेजावर ठेवली आणि तिसऱ्या ओळीत जाऊन बसली.

"आता भाजक," निइनुमासान लोकांना म्हणाले आणि मग वाकून हळूच गुरुजींच्या कानाशी, "तुमचे हात कापताहेत, गुरुजी. उगाच मोठा भाजक नको. फोटोपुरतंच आहे." आणि मोठ्याने, "दोनने भागून दाखवा!"

हशा पिकला. "अहो, हे तर माझ्या गाईलाही येईल!" मागून माबुचीसान ओरडल्या आणि हशा दुप्पट झाला. गुरुजीही हसले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. विषम संख्या, दोनने भागली की एक उरणार. शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे कोण काय करणार?

त्यांनी भागायला घेतलं. डावीकडून एकेक दांडी निम्मी होत गेली. चार, नऊ, नऊ, नऊ. बोटं पूर्वीसारखी धावत होती. आणि सातव्या-आठव्या दांडीवर असताना त्यांच्या मनात आलं की एक मणी कमी झाला तर ही संख्या सम होते. पहिल्याच घावाला दोन तुकडे. बाकी काही नाही.

शेवटच्या दांडीवर एक मणी उरला. एकच, आडपट्टीला भिडलेला. गुरुजींनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. बघा, सगळ्यांनी बघा, उरला आहे. त्यांना रडू येईल इतकं हायसं वाटलं.

मेजाच्या पलीकडच्या कडेवर एक बोट आलं.

त्याच्या मागे काय होतं ते त्यांनी पाहिलं नाही. मान वर होईना. फक्त बोट दिसलं. फुगलेलं, पांढरं, टोकाला चुण्या पडलेलं, नख मऊ होऊन सालीसारखं सुटलेलं. त्याच्या टोकाखाली लाकूड ओलं होत होतं. ते बोट कुठेही चाचपडलं नाही. त्या एका मण्यापाशी आलं आणि त्याला सावकाश खाली ओढलं.

टक्.

"आणि उरला एक!" निइनुमासाननी न बघताच चौकट आडवी धरून लोकांना दाखवली. फोटोवाल्याचा दिवा चमकला. पुढच्या ओळीतला एक म्हातारा मान पुढे काढून म्हणाला, "कुठे उरला?"

निइनुमासाननी चौकट वळवून पाहिली. ढोल बाहेर वाजत होते. आत कुणी हसलं नाही. लाख कोटीला अकरा कमी, जिला कुणी भागू शकत नाही, ती दोनने निःशेष भागली गेली होती, ओदाशिमा कानरोकुंच्या हाताने, त्यांच्याच पाटीखाली.

"काहीतरी गफलत आहे," निइनुमासान रुमाल शोधत म्हणाले. त्यांना गुरुजींना सांभाळून घ्यायचं होतं. "यंत्र चुकणार नाही. गुरुजी, मणी दुसऱ्या कुणी लावले होते का?"

गुरुजींनी तिसऱ्या ओळीत पाहिलं. तोमे सरळ बसली होती, हात मांडीवर. क्षणभर थांबावं असं त्यांना वाटलं. पण वर नाव होतं, आणि नावाखाली सगळं गाव.

"तोमेने लावले," ते म्हणाले. आणि आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक भागणाऱ्याची नसते. मणी लावणाऱ्याची असते!"

तोमे उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती भावाकडे बघत नव्हती. मेजाच्या पलीकडे, मोकळ्या जागेकडे बघत होती.

"मी बाराच्या बारा दांड्या पूर्ण लावल्या," ती म्हणाली. "मग इसोचे मणी कुणी लावले होते, दादा?"

पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी एकेक करत माना वर केल्या. त्यांना आठवत होतं. गुरुजींच्या उजव्या कानाशी, इतक्या जवळून की गालाला ओल लागली, एक बाई शांतपणे म्हणाली,

"गोमेइसान."

६

पाटी काढली नाही. संख्या खरीच होती, तिचा काय दोष? फक्त खालचं नाव रंध्याने तासून काढलं आणि तिथे ओनोदेरा इसो असं लिहिलं. तोमेने मुळ्याच्या माळा उतरवून शेजारी दिल्या आणि ती मोरिओकाला लेकीकडे निघाली.

"मी चालले, दादा."

"तू तिथे काय पाहिलंस, तोमे?"

तिने दारात पायताण चढवलं. "तू मोजत बस," ती म्हणाली आणि गेली.

गुरुवारी आता कुणी येत नाही. सकाळी दहाला गुरुजी मेजाशी बसतात, कारण बसावं लागतं. पलीकडची चटई एका माणसाच्या वजनाने दबलेली असते. त्यांच्यासमोर चौकट सरकत येते, बारा दांड्या लावलेली. ते निरखून पाहतात, वाकून पाहतात, बोट लावून पाहतात. सगळे मणी जागेवर दिसतात.

"विनंती अशी. भाजक दोन," पलीकडून तोच शांत आवाज येतो.

ते भागतात. शेवटचा मणी उरतो, आणि उरत नाही. टक्.

"मणी झाडून पुन्हा लावा. विनंती अशी. भाजक दोन."

अठ्ठ्याहत्तर हजार चारशे अठ्ठ्याण्णव भाजक आहेत. सगळे झाले तर ती जाईल, असं गुरुजींच्या मनाने घेतलं आहे, म्हणून ते भागत राहतात. दोनच्या पुढचा भाजक तीन. तिथवर पोचायला त्यांना एकच मणी कमी पडतो.